इंग्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावाचा इतिहास खणायचा असेल तर कुठून सुरू करायचं

सगळ्यात आधी राजाराणी बाजूला ठेवा. गावाचा इतिहास शोधायला बसलेला माणूस पहिल्या आठवड्यात हेच करतो, हेन्री आठवा इथून कधी गेला होता का, क्रॉमवेलचं सैन्य चर्चमध्ये मुक्कामाला होतं का, आणि पबमध्ये कोणीतरी हमखास सांगतंच की हो हो होतं, खांबावर खुणा पण आहेत. मी पण तीन महिने त्यातच घालवले. नंतर डोक्यात प्रकाश पडला की गावाने स्वतःबद्दल जे काही लिहून ठेवलंय ते राजासाठी नाही, पैशासाठी लिहिलंय. कोणी कोणाला किती द्यायचे, कोणाची पोरं कोणी पोसायची, रस्त्याचा खड्डा कोणी बुजवायचा. हातात येणारा जवळजवळ प्रत्येक कागद असल्याच कुठल्यातरी वसुलीतून किंवा भांडणातून जन्मलेला असतो, म्हणून वाचायच्या आधी एकच विचारायचं, कोणाचा हात कोणाच्या खिशात होता म्हणून हा कागद झाला? एवढं कळलं की त्यात काय असणार आणि काय नसणार ते आपोआप कळतं.

मी जिथे राहायला आलो ते गाव मिडलँड्समध्ये म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात आहे, वस्ती चारशेच्या आत, एक चर्च, एक पब, शाळा कधीच बंद झाली आणि तिथे आता एक कुटुंब राहतं. असल्या गावावर जाडजूड पुस्तक नसतं. असली तर चर्चच्या दाराजवळ टेबलावर ठेवलेली पातळ पुस्तिका असते, डब्यात दोन पाउंड टाका आणि उचला. ती घ्याच. त्यातलं निम्मं ऐकीव असेल पण कुठे शोधायचं त्याचे धागे मिळतात. आणि घरबसल्या व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी बघा, हा प्रकल्प १८९९ साली सुरू झाला आणि अजून संपलेला नाही, काउंटीनुसार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आणि मग एकेक पॅरिश असं लिहीत चाललेत. बरेच खंड ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर फुकट वाचता येतात. तुमच्या पॅरिशचा नंबर लागलेला असेल तर लॉटरीच, नसेल तर हे काम तुमच्यावर आहे असं समजा.

आता पहिलं खरं काम म्हणजे हद्द. गाव आणि पॅरिश एक नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. गाव म्हणजे घरांचा पुंजका, पॅरिश म्हणजे ती सगळी जमीन जिचा दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा भाग, एका ठरावीक चर्चला जायचा, मग त्यात एक गाव असो, चार वाड्या असोत नाहीतर नुसती मेंढरं असोत. आणि त्यातही दोन प्रकार आहेत, चर्चची पॅरिश वेगळी आणि सरकारी म्हणजे सिव्हिल पॅरिश वेगळी. पूर्वी व्हेस्ट्री नावाची एकच बैठक भरायची, चर्चच्या छपरापासून गरिबांच्या पावापर्यंत सगळं तीच बघायची, पुढे १८९४ च्या कायद्याने निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली आल्या आणि दोन्ही कारभार वेगळे झाले. त्यामुळे आजच्या नकाशावरची हद्द २०० वर्षांपूर्वीचीच असेल असं धरू नका. जुनी हद्द ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या १९ व्या शतकातल्या सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशावर मिळते, आणि हे नकाशे स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत, हो, इंग्लंडचे पण. तिथे जुना नकाशा एका बाजूला आणि आजचा सॅटेलाइट फोटो दुसऱ्या बाजूला लावून बघता येतो, पहिल्यांदा उघडाल तेव्हा रात्रीचे दोन वाजतील, आधीच सांगून ठेवतो.

हद्दीचा आकार नीट बघा. खडूच्या टेकड्यांच्या भागात, विल्टशर वगैरे बाजूला, पॅरिशी लांबलचक पट्ट्यांसारख्या दिसतात, एक टोक टेकडीवर आणि दुसरं खाली ओढ्याशी. कारण साधं आहे, प्रत्येक गावाला वर मेंढरांसाठी कुरण, मधे नांगरायची जमीन आणि खाली पाणी आणि गवत, असा सगळ्याचा तुकडा हवा होता. ही वाटणी बऱ्याच ठिकाणी नॉर्मन लोक यायच्या, म्हणजे १०६६ च्या आधीची आहे. आणि ती टिकली कशी, तर दरवर्षी रोगेशनटाइडला, म्हणजे ईस्टरनंतरच्या पाचव्या आठवड्याच्या सुमाराला, व्हिकार म्हणजे गावचा पाद्री आणि गावकरी पूर्ण हद्द पायी फिरायचे आणि सोबत पोरं न्यायचे. हद्दीच्या दगडापाशी आलं की पोराला उलटं धरून त्याचं डोकं दगडावर टेकवायचे, कुठे काठीने मारायचे, कुठे ओढ्यात टाकायचे. का? तर ते पोर ७० वर्षांचं झालं आणि शेजारच्या पॅरिशशी भांडण लागलं की साक्ष द्यायला त्याला तो दगड आठवला पाहिजे. मार खाल्लेली जागा माणूस विसरत नाही.

काउंटी पण तपासा. १९७४ साली काउंट्यांच्या हद्दी हलल्या, ॲबिंग्डनच्या आसपासची गावं आज ऑक्सफर्डशरमध्ये आहेत पण त्याआधी बर्कशरमध्ये होती, त्यामुळे जुने कागद कुठल्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत ते आधी फोन करून विचारा. आणि नॉर्टन, सटन, स्टोक असलं नाव असेल तर दहादा खात्री करा की हे तुमचंच नॉर्टन आहे. मी एक अख्खा दिवस शेजारच्या काउंटीतल्या त्याच नावाच्या गावाची रजिस्टरं उतरवत बसलो होतो, संध्याकाळी चहाच्या वेळी लक्षात आलं.

यानंतरचा नियम म्हणजे मागे मागे जायचं. आजपासून सुरू करा आणि एकेक पायरी खाली उतरा, थेट १०८६ च्या डोम्सडे नावाच्या मोजणीला उडी मारून वर यायला बघाल तर मधेच लटकाल. आधी गावातली म्हातारी माणसं, कारण कागद वाट बघतो, माणूस बघत नाही. रेकॉर्ड करायची परवानगी घ्या, आणि सोबत जुना फोटो किंवा नकाशा न्या, नुसतं 'पूर्वी कसं होतं हो' विचारलं तर 'छान होतं' एवढंच उत्तर येतं, फोटो समोर ठेवला की मग हे लोहाराचं दुकान, ही बाई पोस्ट चालवायची, इथे डबकं होतं असं सुटतं.

मग सेन्सस, म्हणजे जनगणना. १८०१ पासून दर दहा वर्षांनी झालाय, पण पहिले चार म्हणजे मुख्यतः आकडेच, सगळ्यांची नावं १८४१ पासून मिळतात. १८४१ चा थोडा लबाड आहे, १५ वर्षांवरच्या लोकांची वयं पाचच्या पटीत खाली ओढून लिहिलीत, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा होतो, आणि जन्मगाव नाही, फक्त याच काउंटीत जन्मला का, हो किंवा नाही. १८५१ पासून खरं वय, नातं आणि जन्माची पॅरिश मिळते आणि तिथून मजा सुरू होते. १९२१ पर्यंतचे उघडे आहेत, कारण १०० वर्षांचा नियम आहे. १९३१ चा १९४२ साली आगीत जळाला, १९४१ चा युद्धामुळे झालाच नाही, त्यामुळे मधली पोकळी १९३९ च्या रजिस्टरने, म्हणजे युद्ध सुरू होताना केलेल्या लोकांच्या नोंदणीने भरायची. हे सगळं पैसे घेणाऱ्या साइटींवर आहे पण बऱ्याच पब्लिक लायब्ररीत त्या फुकट वापरता येतात, आधी तिथे जा आणि मगच पैसे भरायला बँकेचं कार्ड काढा.

सेन्सस वाचताना एकेका माणसाच्या मागे न लागता पूर्ण गाव उतरवून काढा. तीन-चारशे लोक म्हणजे दोन संध्याकाळचं काम. एक्सेलमध्ये टाका आणि जन्मगावानुसार लावा. कोण कुठून आलं ते तोंडावर फेकल्यासारखं दिसतं, शेतमजूर बहुतेक आठ-दहा मैलांच्या आतले, मास्तर आणि व्हिकार लांबचे, आणि रेल्वे टाकायच्या काळातला सेन्सस असेल तर अचानक सगळीकडचे मजूर एका घरात दहा-दहा.

आता नकाशे, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त हातात इथेच लागतं. १८३६ च्या कायद्याआधी पिकाचा दहावा भाग चर्चला द्यावा लागायचा, दहावी पेंढी, दहावं डुक्कर, दुधाचा पण दहावा भाग, आणि त्यावरून इतकी भांडणं की विचारू नका. कायद्याने ते बंद करून पैशात बसवलं, गहू, बार्ली आणि ओटच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी जोडलं, आणि त्यासाठी पॅरिश मोजून टाइद मॅप (टाइद म्हणजे दशमांश) काढले. नकाशासोबत एक यादी असते, प्रत्येक तुकड्याचा नंबर, मालक कोण, कसणारा कोण, शेताचं नाव, नांगरट की कुरण, आणि क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये. ४० पर्चचा एक रूड, चार रूडचा एक एकर. थोडक्यात त्या काळचा सातबाराच, आणि सोबत रंगीत नकाशा.

त्यातली शेतांची नावं सोडू नका. 'स्टार्व्ह एकर' म्हणजे उपाशी मारणारी जमीन. 'ब्रिक किल्न क्लोज' म्हणजे इथे कधीतरी विटांची भट्टी होती, आणि खरंच तिथे नांगरल्यावर लाल तुकडे वर येतात. 'बॉटनी बे' दिसलं तर समजायचं की हे शेत पॅरिशच्या पार टोकाला आहे, गावापासून इतकं लांब की कैद्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवायचे त्या जागेचं नाव कोणीतरी चेष्टेने ठेवलं. शेजारच्या पॅरिशमध्ये मला हे मिळालं, चिखलातून चालत गेलो तेव्हा तो विनोद पूर्ण कळला.

शेजारच्या पॅरिशमध्ये, कारण माझ्या पॅरिशचा टाइद मॅप नाहीच आहे. दोन आठवडे शोधला, कॅटलॉग उलटापालटा केला, मग आर्काइव्हमधल्या बाईंनी हसत सांगितलं की मिडलँड्समध्ये हे नेहमीचंच, इथे आधीच एनक्लोजर झालं होतं आणि तेव्हाच चर्चला दशमांशाच्या बदल्यात जमीन देऊन विषय संपवला होता, मग १८३६ नंतर मोजायला उरलंच काय. तर टाइद मॅप नसेल तर एनक्लोजर अवॉर्ड मागा. १८ व्या शतकाच्या मध्यापासून १९ व्या शतकापर्यंत पार्लमेंटने गावागणिक कायदे करून उघडी शेतं आणि सामाईक कुरणं तोडून एकेकाच्या मालकीचे चौकोन केले. अवॉर्डमध्ये कोणाला किती मिळालं ते असतं आणि ज्याची एकच गाय सामाईक कुरणावर चरायची त्याला काय मिळालं ते पण असतं, म्हणजे बऱ्याचदा काहीच नाही.

आणि हे कागदावरच नाही, बाहेर पण दिसतं. गावाबाहेर अचानक सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूला रुंद गवताची पट्टी आणि हॉथॉर्नची कुंपणं दिसली तर तो बहुतेक एनक्लोजरच्या कमिशनरांनी पट्टी लावून आखलेला. गावापासून लांब शेतात एकटंच फार्महाउस आणि नाव वॉटर्लू फार्म, तर ते कधीचं ते नावच सांगतं, १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतरचं. उलट कुरणात जमीन कॉरडरॉयच्या कापडासारखी वरखाली दिसली तर ती रिज अँड फरो, म्हणजे एनक्लोजरच्या आधीच्या नांगरटीच्या पट्ट्या, नंतर मेंढरं आली म्हणून गवताखाली जशाच्या तशा राहिल्या. हिवाळ्यात ऊन तिरपं असताना किंवा बारीक बर्फ पडल्यावर बघा. पट्टी सरळ नसते, थोडी उलट्या एस सारखी वळते, कारण आठ बैलांची जोडी टोकाला वळवायला आधीपासूनच वळण घ्यावं लागायचं. एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा लिडार डेटा, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे उंचसखल आकडे, फुकट आहे, त्यात झाडाखालचं पण दिसतं. आणि जुनी पद्धत जिवंत बघायची असेल तर नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला जा, तिथे उघडी शेतं अजून चालू आहेत आणि गावाचं जुनं कोर्ट अजून बसतं.

रजिस्टरांकडे वळू. थॉमस क्रॉमवेलने (हा हेन्री आठव्याचा मंत्री, सैन्यवाला क्रॉमवेल वेगळा) १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचं. पण तुमच्या गावाचं रजिस्टर १५५८ पासून सुरू होत असेल तर घाबरू नका, १५९८ च्या सुमारास सांगितलं की जुनी कागदी रजिस्टरं चामड्यावर उतरवा, निदान राणी एलिझाबेथ पहिली १५५८ ला गादीवर आली तेव्हापासूनची, मग लोकांनी निदानचाच अर्थ घेतला. तेव्हापासूनच दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची होती, त्यामुळे मूळ पान उंदराने खाल्लं असेल तर बिशपची नक्कल शोधा. १६४० ते १६६० च्या मधे यादवीमुळे भोकं असतातच. १७५४ पासून लग्नाला छापील फॉर्म आला, नवरा-नवरी आणि साक्षीदार यांची सही किंवा अंगठ्याऐवजी फुलीची खूण, म्हणजे गावात किती जणांना नाव लिहिता यायचं ते मोजता येतं. मी मोजलं, आणि एका लग्नात नवरीची झोकदार सही आणि नवऱ्याची फुली बघून बराच वेळ तिथेच थांबलो. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या पानावर बापाचा धंदा पण येतो.

तारखांचा सापळा मात्र लक्षात ठेवा. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. मला एक जोडपं मिळालं, लग्न नोव्हेंबर १७१४, पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७१४. लग्नाच्या नऊ महिने आधी! मी लगेच वहीत मोठं उद्गारचिन्ह काढलं. मग कळलं की तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७१५ चा आहे, म्हणजे लग्नानंतर तीन महिन्यांनी. तरी घाई झालीच होती म्हणा, पण मी समजत होतो ते प्रकरण नव्हतं. अशा तारखा उतरवताना १७१४/१५ असं लिहायची सवय लावा.

अक्षर वाचता येत नाही ही सगळ्यांचीच तक्रार असते. नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर जुनं अक्षर शिकायचा फुकट कोर्स आहे, तो करा, आणि १८०० पासून मागे मागे वाचत जा, त्याच आडनावांची सवय होत गेली की १६०० पर्यंत पोचता येतं. लॅटिनला पण घाबरू नका, जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, फिलियस म्हणजे मुलगा, एवढ्यावर अर्धं रजिस्टर निघतं.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या कागदांबद्दल, पॅरिशची पेटी. चर्चमध्ये एक जाड लाकडाची पेटी असायची, १६०३-०४ च्या नियमांनी तिला तीन कुलुपं, एक किल्ली पाद्र्याकडे आणि बाकीच्या चर्चवॉर्डनांकडे (चर्चचा कारभार बघणारे गावकरी), म्हणजे कोणी एकट्याने उघडायची नाही. कोणाचाच कोणावर विश्वास नाही, फार छान पद्धत. त्यातले हिशोब आता बहुतेक काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत. चर्चवॉर्डनच्या वहीत घंटेची दोरी, वाइन, छपराचं शिसं, आणि मधेच साळिंदर नव्हे, हेजहॉग मारल्याचे दोन पेन्स! १५६६ च्या कायद्याने ठरवलेला दर होता, कोल्ह्याचे १२ पेन्स आणि हेजहॉगचे दोन, कारण लोकांची ठाम समजूत होती की तो रात्री येऊन झोपलेल्या गाईचं दूध पितो. पैशांचा हिशोब असा, १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पाउंड, आणि पेन्ससाठी इंग्रजी डी लिहितात, रोमन दिनारियसवरून. हे १९७१ पर्यंत चाललं.

ओव्हरसियर म्हणजे पॅरिशमधल्या गरिबांची मदत बघणारा माणूस, त्याचे कागद मात्र हसवत नाहीत. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने आपले गरीब आपण पोसायचे, त्यासाठी घरमालक आणि शेतकऱ्यांवर पट्टी. मग प्रश्न आला, आपले म्हणजे कोणाचे? १६६२ च्या कायद्याने त्याचं उत्तर दिलं आणि पुढची पावणेदोनशे वर्षं पॅरिशी एकमेकांच्या अंगावर गरिबांना ढकलत राहिल्या. एखादा माणूस मदत मागायला आला की दोन मॅजिस्ट्रेटसमोर त्याची जबानी व्हायची, कुठे जन्मलास, कोणाकडे नोकरी केलीस, किती दिवस, भाडं किती भरलंस. ही जबानी मिळाली तर सोनं आहे, ज्याने आयुष्यात कधी अक्षर लिहिलं नाही त्याची अख्खी कहाणी त्यात असते. लग्न न झालेल्या नोकराने पूर्ण वर्ष एका पॅरिशमध्ये काम केलं की तो तिथला ठरायचा, म्हणून काही शेतकरी मुद्दाम ५१ आठवड्यांसाठीच ठेवायचे. जबानीत 'वर्षाला चार-पाच दिवस कमी' असलं काही दिसलं की समजून जा कोणाचे पैसे वाचत होते. १६९७ पासून तर मदत घेणाऱ्याने उजव्या खांद्याजवळ बाहीवर लाल किंवा निळ्या कापडाचा बिल्ला लावायचा, पॅरिशच्या नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे पी, म्हणजे पॉपर. १८३४ नंतर हा कारभार वर्कहाउस (गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा) आणि युनियनकडे, म्हणजे अनेक पॅरिशींच्या गटाकडे गेला, तिथून पुढचे कागद युनियनच्या नावाने शोधा.

मधल्या काळासाठी हार्थ टॅक्स बघा, १६६२ ते १६८९, प्रत्येक चुलाण्यामागे वर्षाला दोन शिलिंग. कोणाकडे एक चूल आणि कोणाकडे बारा, गावाची उतरंड एका पानावर. सोबत इच्छापत्रं, १८५८ च्या आधीची चर्चच्या कोर्टांकडची आहेत, आणि इच्छापत्राला इन्व्हेंटरी जोडलेली असेल तर मेलेल्या माणसाच्या घरात शेजारी खोलीखोलीतून फिरलेत, गादी, पितळी पातेलं, माळ्यावरचं चीज, अंगणातलं डुक्कर, सगळ्याला किंमत लावलेली. मॅनरची (म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीची) कोर्ट रोल्स, तिथल्या कोर्टाच्या नोंदी, अजून मागे नेतात पण ती १७३३ पर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये, शिवाय मॅनर आणि पॅरिश एकच असतात असं नाही, एका पॅरिशमध्ये तीन मॅनर असू शकतात. कुठे आहेत ते मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये कळतं, बाकी ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

डोम्सडे सगळ्यात शेवटी, आणि तो वाचायला दहा मिनिटं पुरतात. इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा विल्यम, त्याने ही मोजणी करायचं १०८५ च्या ख्रिसमसला ग्लॉस्टरमध्ये ठरवलं आणि १०८६ मध्ये मोजणी झाली, १३ हजारांवर गावं आहेत. ओपन डोम्सडेवर गावाचं नाव टाका, नांगर किती, गिरणी आहे का, किंमत काय ते दिसतं. लोकांचा आकडा म्हणजे घरांचा कर्ता पुरुष, साधारण पाचने गुणा. नॉर्थम्बरलँड आणि डरहम त्यात नाहीत, तिथलं गाव असेल तर शोधू नका. आणि 'डोम्सडेत आमचं गाव आहे' यात मिरवण्यासारखं काही नाही, करवसुलीच्या यादीत नाव आलं एवढंच.

नावाचा अर्थ स्वतः लावू नका, ही कळकळीची विनंती. नॉरफोकमध्ये ग्रेट स्नोरिंग आहे, त्याचा घोरण्याशी काही संबंध नाही, कोणा स्नेअर नावाच्या माणसाचे लोक तिथे राहायचे. नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीची गावांच्या नावांची यादी ऑनलाइन आहे, ती बघा. शेवटी 'बी' किंवा 'थॉर्प' असेल तर डेन लोकांची आठवण, दुसरं नाव मोब्रे किंवा मँडेव्हिलसारखं असेल तर नॉर्मन मालक.

गावातल्या गोष्टींचं पण असंच. रिकाम्या शेतात घरांच्या खुणा दिसल्या की सगळे म्हणतात प्लेगने गाव मेलं. डर्बीशरच्या ईममध्ये प्लेग खरोखर आला, १६६५-६६ मध्ये, तिथला पाद्री विल्यम मॉम्पेसनच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतलं, २६० च्या आसपास लोक गेले, पण गाव आजही आहे. उलट यॉर्कशरचं व्हॅरम पर्सी १३४८-४९ च्या साथीनंतरही चालू होतं, १५०० च्या सुमारास उठलं ते मेंढ्यांमुळे, लोकरीत जास्त पैसा होता. आणि डॉर्सेटचं टाइनम १९४३ मध्ये लष्कराने रिकामं केलं. तेव्हा 'प्लेग' ऐकलं की मान हलवा, थँक्यू म्हणा, आणि करांच्या याद्या बघा.

चर्चमध्ये जाल तेव्हा आत शिरून लगेच फोटो काढत सुटू नका. आधी बाहेरून एक चक्कर मारा, भिंतीत कुठे दगड बदलला, कुठे बुजवलेलं दार, कुठे जुन्या छपराची तिरकी रेघ टॉवरवर उरलीय. मधली कमान गोल आणि नागमोडी नक्षीची तर नॉर्मन, टोकदार तर नंतरची, पण व्हिक्टोरियन लोकांनी सगळं खरवडून 'जुन्यासारखं नवं' केलंय त्यामुळे पैज लावू नका. अंगणातले दगड वाचायला तारेचा ब्रश किंवा शेव्हिंग फोम वापरणाऱ्यांना मी ओळखत नाही असं म्हणतो. दगड खराब होतो. टॉर्च एका बाजूने अगदी सपाट धरा, नाहीतर छोट्या आरशाने ऊन तिरपं टाका, गेलेली अक्षरं सावलीत वर येतात, माझा अख्खा एक दगड असा 'कोरा' म्हणून सोडलेला होता आणि त्यावर चार मुलांची नावं निघाली.

रेकॉर्ड ऑफिसात जाताना ओळखपत्र न्या, कागद आधी ऑर्डर करा, कारण काही ऑफिसं आठवड्यात दोन-तीन दिवसच उघडी असतात. पेन बाहेर, फक्त पेन्सिल. फोटोची फी असते, ती भरा आणि प्रत्येक फोटोत कागदाचा रेफरन्स नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. माझ्याकडे पहिल्या वर्षाचे सहाशे फोटो आहेत ज्यातले निम्मे कुठले ते मला आजही माहीत नाही. आणि जिवंत माणसांबद्दल, दत्तक, अनौरस, कोण तुरुंगात गेला होता, असलं काही मिळालं तर वहीत ठेवा, छापायच्या आधी त्या घरी जाऊन चहा प्या.

सगळं झाल्यावर हद्द चाला. फेब्रुवारीत जा, पानं गळालेली असतात, बांध आणि चर स्पष्ट दिसतात. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारंगी कव्हरचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, त्यात सिव्हिल पॅरिशची हद्द काळ्या ठिपक्यांनी आणि पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. हद्दीवरून पूर्ण वाट नसणारच, जिथे नाही तिथे शेतकऱ्याला विचारा, बहुतेक हो म्हणतात आणि वर 'तो दगड बघितला का' असं विचारून एखादा नकाशात नसलेला दगड दाखवतात. फाटक जसं होतं तसं ठेवा, मेंढ्यांना पिल्लं झालेली असतील तर कुत्रा घरी ठेवा. आणि वेलिंग्टन बूट घाला. मी स्पोर्ट्स शूज घालून गेलो होतो, त्यातला एक अजून ओढ्याजवळ हद्दीवर आहे, शेजारच्या पॅरिशच्या बाजूला.